अस्थींच्या चर्चमध्ये जाण्याआधी

माळव्यातल्या मराठी घरात माणूस गेला की तिसऱ्या दिवशी अस्थी सावडतात, मडक्यात भरतात आणि ते मडके घरात न आणता बाहेर कुठेतरी टांगून ठेवतात. मग देवासचे कुणी नेमावरला जातात, धारचे कुणी खलघाटला. कुणी उज्जैनला क्षिप्रेवर, तर सवड आणि ऐपत असली तर प्रयागला. दहाव्याच्या आत नदीच्या पाण्यात हाडांचा हिशेब मिटलेला असतो. घरात उरतो तो फोटो आणि श्राद्धाची तिथी.

अशाच घरातली मुलगी आज नोकरीसाठी लिस्बनला असते, मुलगा शिकायला प्रागला. आईवडील भेटायला गेले की मुले सहलीची यादी पुढे करतात आणि त्यात एक नाव असे निघते की यादी वाचणाऱ्याचा हात थांबतो: माणसांच्या कवट्यांनी आणि मांड्यांच्या हाडांनी भिंती मढवलेले चर्च. पाहावे की टाळावे? पाहायचे ठरवले तर तिथे वागायचे कसे? आणि आल्यावर आंघोळ करायची का, हा प्रश्न आई मनातल्या मनात विचारतेच.

हाडांनी सजवलेल्या चर्चचे प्रसिद्ध नमुने युरोपात आहेत. चर्चमध्ये जपलेल्या मानवी अवशेषांची मराठी माणसाला सर्वांत जवळची जागा मात्र जुन्या गोव्यात आहे, आणि धार-देवासहून तिथे जाणे फारसे अवघड नाही. दोन्हीकडे जाताना तीन गोष्टी आधी माहीत असाव्यात. अवशेष कुणाचे आहेत, ते जमिनीवर का ठेवले, आणि आज तिथे प्रार्थना कोण करते. एवढे ठाऊक असले की बाकीचे वागणे आपोआप जमते.

हाडे मातीबाहेर का आली

उत्तर बहुतेक ठिकाणी साधे आहे: जागा संपली. मृताला पवित्र केलेल्या जमिनीत, शक्यतो चर्चच्या आवारातच पुरायचे, अशी श्रद्धा होती. आवार तेवढेच राहायचे आणि गावात माणसे मरतच असायची. मग काही वर्षांनी जुनी कबर उकरायची, हाडे आदराने काढून एका खोलीत रचायची आणि रिकाम्या जागेत नवे दफन करायचे. गोवा, वसई, मुंबई इथल्या चर्चच्या दफनभूमीत आजही काही वर्षांनी कबर पुन्हा वापरतात आणि जुन्या अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात नावाची पाटी लावून ठेवतात. फरक इतकाच की युरोपातल्या काही गावांनी त्या अस्थी झाकण्याऐवजी भिंतीवर मांडल्या.

पोर्तुगालमधल्या एव्होरा शहरातले ‘कपेला दुश ओसुश’, म्हणजे अस्थींचे प्रार्थनागृह, असेच उभे राहिले. शहरातल्या आणि आसपासच्या दफनभूमींनी बरीच जमीन अडवली होती. सेंट फ्रान्सिसच्या चर्चमधल्या फ्रान्सिस्कन साधूंनी सुमारे ५,००० माणसांची हाडे आणून एका दालनाच्या भिंतींत आणि खांबांत चुन्यात बसवली. दारावर पोर्तुगीजमध्ये कोरले आहे की इथली हाडे येणाऱ्याच्या हाडांची वाट पाहत आहेत. हे वाचून घाबरावे असा त्यांचा हेतू नव्हता. श्रीमंत, गरीब, सगळ्यांचे शेवटी हेच होते, याचा विचार करायला बसण्यासाठी ती खोली होती.

चेक प्रजासत्ताकातल्या कुत्ना होरा गावाजवळ सेडलेक इथे कथा अधिक लांब आहे. तिथल्या मठाचा प्रमुख १२७८ मध्ये यरुशलेमला गेला आणि येशूला क्रुसावर चढवले त्या गोल्गोथा टेकडीची चिमूटभर माती घेऊन आला, असे परंपरा सांगते. ती माती आवारात टाकल्यावर लांबलांबच्या लोकांना तिथेच दफन हवेसे झाले. चौदाव्या शतकातली प्लेगची साथ आणि पंधराव्या शतकातली हुसाइट युद्धे यांनी आवार भरून गेले. किमान ४०,००० माणसांच्या अस्थी तळघरात रचल्या गेल्या. १८७० मध्ये श्वार्झेनबर्ग या सरदार घराण्याने फ्रांतिशेक रिंट नावाच्या लाकूडकाम करणाऱ्या कारागिराला त्या नीट मांडायला सांगितले. त्याने हाडांचे झुंबर केले, श्वार्झेनबर्गांचे कुलचिन्ह केले आणि भिंतीवर स्वतःचे नावही हाडांतच लिहिले.

रोममध्ये कापुचिन साधूंच्या चर्चखालच्या लहान दालनांत सुमारे ३,७०० साधूंच्या अस्थी आहेत. तिथे मृत आणि मांडणारे एकाच मठाचे होते. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट गावात तर प्रकरण अगदी घरगुती आहे. डोंगर आणि तलाव यांच्या मध्ये चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या या गावात दफनाला जागाच नव्हती. तिथल्या अस्थिगृहात सुमारे १,२०० कवट्या आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून अधिकांवर नाव, वर्ष, फुलांची माळ किंवा पानांची वेल रंगवलेली आहे. घरच्यांनी आपल्या माणसासाठी करून घेतलेले हे काम होते. शेवटची कवटी तिथे १९९५ मध्ये ठेवली गेली.

ही चार उदाहरणे शेजारी ठेवली की पहिला प्रश्न किती कामाचा आहे हे कळते. सेडलेकमधला माणूस निनावी, हालश्टाटमधला नावानिशी; रोमचा साधू स्वखुशीने, एव्होराचा गावकरी कदाचित न विचारता. पाहणाऱ्याच्या मनात उठणारे भावही त्याप्रमाणे वेगळे असायला हवेत. झुंबर पाहून ‘काय कारागिरी आहे’ असे तोंडून निघाले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही, कारण रिंटला तेच हवे होते. हालश्टाटच्या कवटीसमोर तेच वाक्य मात्र विचित्र वाटेल.

सराव घराजवळ

मृतांच्या जागी कसे उभे राहायचे याचा सराव माळव्यातच मिळतो. देवासच्या मीठा तालाबाजवळ पवार संस्थानिकांच्या छत्र्या आहेत. धारला मुंज तलावाच्या काठी धारच्या पवारांच्या. मराठा धाटणीच्या या वास्तू अनेक देवासकरांनी आणि धारकरांनी जाता-येता पाहिलेल्या असतात, पण आत शिरून पाहिलेल्या फार थोड्यांनी.

छत्रीत देह नसतो. दहन झालेल्या माणसाच्या स्मरणासाठी बांधलेली ती वास्तू आणि तिच्यात बहुधा शिवलिंग किंवा पादुका. म्हणून जोडे बाहेर काढायचे आणि आत बसून डबा खायचा नाही. देवास संस्थानाच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचा इतिहास घरच्या आजोबांकडून ऐकून मग गेले तर कोरीव कामाखेरीजही पाहायला बरेच सापडते. अवशेषांशिवायचे स्मारक कसे असते, हे इथे डोळ्यांत भरून घ्यावे. गोव्यात आणि एव्होरात त्याच्या अगदी उलट चित्र दिसणार आहे.

धारपासून सुमारे ३५ किलोमीटरवरच्या मांडूत होशंगशाहचा मकबरा आहे. माळव्याचा हा सुलतान १४३५ मध्ये वारला आणि पांढऱ्या संगमरवराची ही वास्तू महमूद खिलजीच्या काळात पूर्ण झाली. देशातल्या संगमरवरी वास्तूंमध्ये ती फार जुनी मानली जाते. दाराजवळचा १६५९ चा लेख सांगतो की मोगल दरबारातले उस्ताद हामिद आणि त्यांचे सहकारी वास्तुकार इथे येऊन आदर व्यक्त करून गेले. म्हणजे मृताच्या घरी केवळ बांधकाम पाहायला जाणारा पर्यटक साडेतीनशे वर्षांपूर्वीही होता, आणि त्याने आपल्या भेटीची नोंद नम्रपणे ठेवली. आजच्या पर्यटकांनी भिंतीवर खरवडलेल्या नावांपेक्षा ती पद्धत बरी. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातली ही वास्तू तिकीट काढून पाहता येते. इथे नमाज किंवा उरूस यांची वर्दळ नसते, त्यामुळे नवख्याला सवड मिळते.

धार शहरात तटाजवळ अब्दुल्ला शाह चंगाल यांची कबर आहे. तिथला फारसी लेख १४५५ सालचा. ही मात्र चालती-बोलती श्रद्धेची जागा आहे, तेव्हा डोके झाकून आणि चपला काढून जावे. त्या जागेची देखभाल करणाऱ्यांना विचारून मगच आत पाऊल टाकावे. स्मारक आणि दर्गा यातला हा फरक ज्याच्या अंगवळणी पडला, त्याला जुन्या गोव्यात फार सांगावे लागत नाही.

बौद्ध परंपरा तर अस्थिपूजेचीच आहे आणि तिची मोठी खूण मध्य प्रदेशातच सांचीला आहे. बुद्धाचे शिष्य सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्या अस्थी कनिंगहॅम आणि मेसी यांना १८५१ मध्ये तिथल्या स्तूपात सापडल्या. त्या इंग्लंडला गेल्या, पुढे परत आल्या आणि १९५२ मध्ये सांचीत बांधलेल्या नव्या विहारात विधिपूर्वक ठेवल्या गेल्या. नोव्हेंबरअखेरच्या मेळ्यात त्या दर्शनासाठी बाहेर काढतात. तेव्हा श्रीलंकेपासूनचे भाविक येतात. हाडाच्या इवल्या तुकड्यासाठी माणसे समुद्र ओलांडून का येतात, हे ज्याला कळत नाही त्याने एकदा त्या रांगेत उभे राहावे.

जुने गोवे: काय पाहावे

देवास-धारकडून निघणाऱ्यांनी इंदूर गाठावे आणि तिथून विमानाने किंवा मुंबईमार्गे कोकण रेल्वेने गोव्याला जावे. रेल्वेने जाणाऱ्यांनी मडगावऐवजी करमळीला उतरावे, कारण ते स्थानक जुन्या गोव्याला अगदी लागून आहे. पणजीहून जुने गोवे सुमारे १० किलोमीटर. सरकारी ‘कदंब’च्या आणि खाजगी बसगाड्या दिवसभर चालतात.

पहिले ठिकाण अर्थात बॉम जेझस बॅसिलिका. बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये पूर्ण. जांभ्या दगडाचा तांबूस रंग तिची ओळख झाला असला तरी मूळ इमारतीला बाहेरून गिलावा होता. तो विसाव्या शतकाच्या मध्यावर काढला गेला आणि तेव्हापासून उघडा जांभा पावसात झिजतो आहे. म्हणून भिंतीला हात लावून, तिला टेकून उभे राहू नये. १९८६ मध्ये जुन्या गोव्यातली चर्च आणि मठ जागतिक वारशाच्या यादीत गेले. योगायोग असा की एव्होरा शहराचाही समावेश त्याच वर्षी झाला.

इथे संत फ्रान्सिस झेवियरचा देह आहे. गोव्याचे ख्रिस्ती लोक, आणि कित्येक हिंदूही, त्याला ‘गोंयचो सायब’ म्हणतात. १५०६ मध्ये नवारमध्ये जन्मलेला हा जेझुइट धर्मोपदेशक १५४२ मध्ये गोव्यात आला आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचुआन बेटावर वारला. देह लवकर कुजावा म्हणून कबरीत चुना घातला होता. काही महिन्यांनी उकरला तेव्हा देह शाबूत निघाला, असे तेव्हाच्या नोंदी सांगतात. मलाक्कामार्गे तो मार्च १५५४ मध्ये गोव्यात पोहोचला. १६१४ मध्ये उजवा हात कोपरापासून वेगळा करून रोमला पाठवला गेला. तो आजही तिथल्या जेझुइटांच्या चर्चमध्ये आहे. १६२२ मध्ये झेवियरला संतपद मिळाले.

दर्शनाला जाणाऱ्याने एक गोष्ट आधीच मनाला सांगून ठेवावी: एरवी फार काही दिसत नाही. मुख्य वेदीच्या उजव्या बाजूला टस्कनीचा ड्यूक तिसरा कोसिमो याने भेट दिलेले, फोजिनी या शिल्पकाराने घडवलेले संगमरवरी स्मारक आहे. ते १६९८ मध्ये इथे उभारले गेले. त्याच्या माथ्यावर, बऱ्याच उंचीवर, गोव्याच्या चांदीकारांनी १६३७ च्या सुमारास घडवलेली पेटी आणि तिच्यात देह. खालून मान उंच करून पाहणाऱ्याला पेटीचे काम दिसते, आतले जेमतेम. पेटीकडेच पाहत न राहता स्मारकाच्या चारही बाजूंची कांस्यशिल्पे सावकाश पाहावी. त्यात झेवियरच्या आयुष्यातले प्रसंग आहेत.

देह जवळून पाहण्याची संधी दर दहा वर्षांनी येते. तेव्हा पेटी खाली उतरवून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेतात. अलीकडचे प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असे होते. त्या काळात रांगा फार लांब लागतात, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी आणि लहान मुले असणाऱ्यांनी नीट विचार करूनच बेत करावा. दरवर्षी ३ डिसेंबरला संताचे फेस्त असते आणि त्याआधी नऊ दिवस नोवेना, म्हणजे रोजच्या प्रार्थना. गर्दी, फेरी, खाजे, चण्यांची दुकाने यांत ज्यांना मौज वाटते त्यांनी तेव्हा जावे. शांतपणे पाहायचे असेल त्यांनी हे दहा दिवस टाळावेत.

मराठी वाचकाला या संताची दुसरी बाजूही ठाऊक असायला हवी. गोव्यात धर्मन्यायालय म्हणजे इन्क्विझिशन नेमावे, असे झेवियरने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिले होते. ते न्यायालय त्याच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये आले आणि १८१२ पर्यंत टिकले. त्याची झळ हिंदूंना आणि नवख्रिस्तींना बसली. हा इतिहास वाचून जावे, घरी आल्यावर त्यावर हवा तेवढा वाद घालावा. बॅसिलिकेतल्या बाकावर गुडघे टेकून बसलेल्या म्हाताऱ्या बाईला मात्र तो ऐकवू नये.

दुसरे ठिकाण से कॅथेड्रलच्या आवाराला लागून असलेले असिसीच्या सेंट फ्रान्सिसचे चर्च. तिथे जमीनच थडग्यांच्या शिळांची आहे. त्यांवर पोर्तुगीज घराण्यांची कुलचिन्हे आणि लेख कोरलेले आहेत. मराठी माणसाचा पाय तिथे अडखळतो. पण चर्चमध्ये वेदीजवळ पुरले जाणे हा तेव्हाचा मान होता आणि वरून लोक चालणार हे पुरल्या जाणाऱ्याला माहीत होते. निःसंकोच चालावे, फक्त शिळेवर बूट रोवून फोटोसाठी उभे राहू नये. शेजारीच पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे आणि ते शुक्रवारी बंद असते.

तिसरे ठिकाण बरेच पर्यटक वगळतात, आणि अवशेषांचा विषय डोक्यात घेऊन आलेल्याने नेमके तेच वगळू नये. चढावर सेंट ऑगस्टिन चर्चचे भग्नावशेष आहेत. ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा एक भाग अजून उभा आहे. १८३५ मध्ये मठ बंद झाला, १८४२ मध्ये छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग पडला. इथल्या मातीत जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिच्या हाताचे हाड सापडले.

केतेवानला इराणच्या शाह अब्बासने कैदेत ठेवले आणि धर्म सोडायला नकार दिल्याबद्दल १६२४ मध्ये शिराझला हालहाल करून मारले. ऑगस्टिनियन साधूंनी तिचे काही अवशेष मिळवले आणि १६२७ मध्ये गोव्यात आणले. जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत त्यांची जागा नोंदलेली होती: मठातल्या एका दालनाच्या अमुक खिडकीत, काळ्या दगडी पेटीत. पुरातत्त्व खात्याने दीर्घ उत्खननात ते दालन शोधले आणि २००४-०५ च्या सुमारास हाडे हाती आली. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत डीएनएची तपासणी झाली. भारतीय उपखंडात न आढळणारा, जॉर्जियाच्या बाजूला आढळणारा मातृवंश त्यात निघाला. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्या अवशेषांचा एक भाग तिबिलिसीला नेऊन जॉर्जियाच्या स्वाधीन केला. चारशे वर्षांनी राणी घरी गेली.

सेंट ऑगस्टिनला आज पाहायला आहे ते उघड्या आकाशाखालचे दगडी अवशेष, तुटक्या भिंती आणि मनोरा. सावली नाही. टोपी आणि पाणी बरोबर घेऊन सकाळी लवकर जावे. समोरच सेंट मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. तिथली मूर्तिकला स्थानिक कारागिरांच्या हातची आहे आणि डोळसपणे पाहिली तर ओळखीची वाटते.

आत गेल्यावर

बॉम जेझस हे वारसास्थळ आहे, तसेच रोज मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थनाविधी, होणारे चर्चही आहे. अशा ठिकाणी जाणे म्हणजे कुणाकडे समाचाराला जाण्यासारखे. तिथे आपण काय बोलतो यापेक्षा कसे बसतो-उठतो ते लोक पाहतात.

चर्चमध्ये जोडे काढायचे नसतात. देवळाच्या सवयीने काहीजण दाराशीच काढतात आणि मग शोधत बसतात. पुरुषांनी डोक्यावरची टोपी मात्र काढावी. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. समुद्रकिनाऱ्यावरच्या कपड्यांत थेट येणाऱ्यांना दारातच अडवतात. साडी, सलवार-कुडता, साधी पँट, सगळे चालते.

मिस्सा चालू असेल तर मधून फिरू नये. मागच्या बाकावर बसावे किंवा बाहेर थांबावे. रविवारी सकाळी मिस्सा असल्यामुळे पर्यटकांना उशिरा सोडतात, तेव्हा शक्यतो इतर वारी जावे. मिस्सेच्या शेवटाकडे लोक रांगेने पुढे जाऊन पाद्र्यांकडून पांढरी गोल चकती घेतात. प्रसाद समजून त्या रांगेत उभे राहू नये. तो दीक्षित कॅथलिकांसाठीचा संस्कार आहे. दाराजवळच्या भांड्यातले पाणी तीर्थ म्हणून प्यायचे नसते.

हार, नारळ, उदबत्ती न्यायची नाही. मनात आले तर बाहेर मेणबत्ती घेऊन नेमलेल्या जागी लावावी. पैसे दानपेटीत टाकावेत. कवट्यांवर, थडग्यांवर नाणी फेकायची किंवा ठेवायची नाहीत. अस्थींच्या जागी धातूचे नाणे ओलाव्याने गंजते आणि हाडावर डाग सोडते. हात लावणे तर कटाक्षाने टाळावे, कारण बोटांवरचे तेल आणि घाम जुन्या हाडाला खातो.

फोटोंबाबत नियम जागोजागी वेगळे आहेत. रोमच्या कापुचिन अस्थिगृहात फोटो काढता येत नाहीत. सेडलेकमध्ये १ जानेवारी २०२० पासून सामान्य पर्यटकांना बंदी आहे, कारण लोक कवट्यांना टोप्या-चष्मे घालून, त्यांचे मुके घेत सेल्फी काढू लागले होते. परवानगी हवी असल्यास तिथल्या धर्मपीठाकडे आधी अर्ज करावा लागतो. जिथे फोटो चालतो तिथेही दारावरचा फलक वाचूनच मोबाईल काढावा, फ्लॅश बंद ठेवावा आणि अस्थींसमोर हसरी पोज देऊन उभे राहू नये. आपल्या आजोबांच्या चितेसमोर कुणी तसे उभे राहिलेले चालेल का, एवढा विचार पुरे.

घरातली मोठी माणसे आणि लहान मुले

विटाळाचा प्रश्न दारात उभे राहून सोडवू नये, घरून निघतानाच सोडवावा. काही घरांत स्मशानातून आल्यासारखी आंघोळ करतात, काही घरांत फक्त हातपाय धुतात, आणि अनेकांना काहीच करावेसे वाटत नाही. ज्याची जशी श्रद्धा. हॉटेलवर परतण्याची वेळ त्याप्रमाणे ठेवली की दिवसभराची चिडचिड वाचते. अस्थींच्या चर्चनंतर लगेच जेवणाचे बुकिंग असेल तर आईची पंचाईत होते, हे मुलांनी आधीच ओळखावे. घरात नुकतेच कुणी गेलेले असेल, किंवा कुणी गरोदर असून मोठ्यांना नको वाटत असेल, तर त्यांनी बाहेरच्या बागेत किंवा मुख्य चर्चमध्ये बसावे. एव्होरा आणि सेडलेक दोन्हीकडे अस्थिगृह हे वेगळे दालन आहे. त्यात न शिरताही बाकीचे चर्च पाहता येते.

मुलांना आत नेण्याआधी दोन वाक्यांत खरे सांगावे: ही खरी माणसे होती, गावात जागा नव्हती म्हणून त्यांची हाडे इथे ठेवली आहेत. भुताच्या गोष्टी सांगून घाबरवू नये आणि ‘बघ, कशी मजा’ म्हणून हसवूही नये. मुले नेमके प्रश्न विचारतात. ‘आपल्या आजीची हाडे कुठे आहेत?’ या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे. नेमावर किंवा खलघाट हे नाव सांगितले, नदीचा नकाशा दाखवला की बहुतेक मुलांचे समाधान होते. ज्या मुलाला आत शिरताना भीती वाटते त्याला ओढून नेऊ नये. एक मोठे माणूस बाहेर थांबले की काम भागते.

बेत आखताना

परदेशी जाणाऱ्यांनी चर्चच्या अधिकृत संकेतस्थळावर वेळा आणि तिकीट पाहूनच दिवस पक्का करावा. युरोपात हिवाळ्यात दारे लवकर बंद होतात आणि धार्मिक सणांना पर्यटकांचा प्रवेश थांबतो. कुत्ना होरा प्रागहून आगगाडीने साधारण तासाभरावर आहे, त्यामुळे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. एव्होरासाठी लिस्बनहून दीड तास लागतो. तिथे रोमन काळातले देवालय आणि जुने शहरही पाहायचे असते, म्हणून पूर्ण दिवस द्यावा. तळघरातली हवा थंड आणि दमट असते. सांधेदुखी किंवा दमा असणाऱ्यांनी उन्हाळ्यातही एक शाल जवळ ठेवावी, आणि पायऱ्या किती आहेत हे आधी विचारून घ्यावे.

२ नोव्हेंबर हा कॅथलिकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी वसई-गोव्याच्या दफनभूमी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरतात आणि लोक घरच्यांच्या कबरी झाडून-पुसून लख्ख करतात. पितृपक्ष नुकताच सरलेल्या मराठी माणसाला या दिवसाचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. परवानगी विचारून, एका बाजूला उभे राहून तो पाहता येतो.

गोव्याचा बेत करणाऱ्यांना नोव्हेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा चांगला. पाऊस ओसरलेला असतो आणि २४ तारखेला सुरू होणाऱ्या नोवेनाआधीची शांतता मिळते. शुक्रवार आणि रविवार वगळून एखादा दिवस निवडावा. सकाळी आठ-साडेआठला सेंट ऑगस्टिनचा चढ चढावा, ऊन तापायच्या आत खाली उतरून बॉम जेझसमध्ये शिरावे, मग रस्ता ओलांडून से कॅथेड्रल आणि सेंट फ्रान्सिसचे चर्च पाहावे. संग्रहालय दुपारसाठी ठेवावे. जेवण पणजीला. परतीच्या प्रवासात महिनाअखेर जवळ आलेली असेल आणि एखादा दिवस हाताशी असेल, तर सांचीच्या मेळ्याची तारीख पाहून भोपाळची गाडी धरावी.